कॉलेजनं प्रवेश नाकारला: तक्रार कशावर चालते, कुणाकडे आणि किती दिवसांत

प्रश्न असा आहे: मुलीला बारावी विज्ञान शाखेत ६०० पैकी ४९९ गुण आहेत, म्हणजे ८३.१७ टक्के. ठाण्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. आयटीसाठी अर्ज केला होता. तिसरी यादी ७९ टक्क्यांवर बंद झाली, तरी तिचं नाव एकाही यादीत नाही. खिडकीवर विचारलं तर ‘फॉर्म रिजेक्ट दिसतोय’ एवढंच उत्तर मिळालं. अपील करता येईल का, आणि कुणाकडे?

करता येईल, पण ‘अपील’ या शब्दात अडकू नका. संलग्न कॉलेजातल्या पदवीच्या पहिल्या वर्षासाठी सहसा अपील नावाचं वेगळं खातं नसतं. असते ती तक्रार, आणि तक्रार चालते चुकीवर. कुठे, कोणती, कुणाची चूक झाली हे बोट ठेवून दाखवता आलं तर कागद पुढे सरकतो. ‘मुलगी हुशार आहे, घराजवळ हेच कॉलेज आहे, वर्ष वाया जाईल’ हे सगळं खरं असलं तरी प्राचार्यांना त्यावर सही करता येत नाही.

म्हणून आज संध्याकाळी अर्ज लिहायला बसू नका. आधी नकार कशामुळे आला ते शोधा. नकाराच्या तीन जाती असतात. गुण खरोखरच कमी पडले. फॉर्ममध्ये किंवा कागदपत्रांत काही चुकलं. किंवा कॉलेजनं स्वतःच्याच माहितीपत्रकाला सोडून काही केलं. पहिल्या जातीवर अपील नसतं. दुसऱ्या जातीची दुरुस्ती होते, पण वेळेत गेलात तर. तिसरी जात खऱ्या अर्थानं लढण्याची, मात्र ती लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच दुर्मीळ.

मुलीच्या लॉगिनमधून भरलेल्या फॉर्मची पीडीएफ काढा आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून बघा. ४९९ च्या जागी ४४९ पडलं की टक्के होतात ७४.८३. मग ७९ ला बंद झालेल्या यादीत नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि संगणकाच्या हिशेबानं काही चुकलेलंही नसतं. ही एका आकड्याची चूक सायबर कॅफेत रात्री भरलेल्या फॉर्ममध्ये हमखास सापडते. सीबीएसईच्या मुलांचा घोटाळा निराळा: पाच विषय धरायचे की सहा, हे त्या कॉलेजच्या सूचनेत लिहिलेलं असतं, आणि मुलं शाळेनं सांगितलेले ‘बेस्ट फाइव्ह’चे टक्के टाकून मोकळी होतात. पडताळणीत आकडा जुळत नाही, फॉर्म बाजूला पडतो.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे दोन फॉर्म. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि कॉलेजचा स्वतःचा फॉर्मही भरावा लागतो. एक भरला की झालं असं समजून दुसरा राहतो, किंवा दोन्ही भरले तरी विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये तो कोर्स किंवा ते कॉलेज निवडलेलंच नसतं. विद्यापीठाच्या नोंदणीची प्रिंट कॉलेजच्या फॉर्मला जोडली आहे का, त्यावरचा क्रमांक तोच आहे का, हेही पाहा.

तिसरं म्हणजे विषय. आयटीसाठी बारावीला गणित असणं ही जुनी अट. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलाला नव्वद टक्के असले तरी तो पात्रच ठरत नाही. यंदाच्या माहितीपत्रकातली पात्रतेची ओळ शब्दशः वाचा. तिथे मुलगी बसत नसेल तर पुढचं सगळं वाचण्याची गरज नाही. वेळ दुसऱ्या कोर्सच्या यादीवर घालवा.

आता त्या ७९ कडे येऊ. हा आकडा कोणत्या रांगेचा आहे? एकाच कोर्सच्या जागा अनेक रांगांत वाटलेल्या असतात: त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेली इन-हाउस मुलं, अल्पसंख्याक संस्था असेल तर त्या भाषेची किंवा धर्माची मुलं, व्यवस्थापन कोटा, मग आरक्षणाचे प्रवर्ग, आणि उरलेला खुला गट. ठाणे-नवी मुंबईत भाषिक अल्पसंख्याक संस्था बऱ्याच आहेत. शेजारच्या मुलाला ७९ वर मिळाला आणि आपल्याला ८३ वर नाही, यात अन्याय असेलच असं नाही. तो इन-हाउस असेल. तुलना करायची ती आपल्याच रांगेतल्या शेवटच्या नावाशी. यादीच्या मथळ्यावर गट लिहिलेला असतो. त्या पानाचा फोटो तारखेसह काढून ठेवा, कारण सूचनाफलकावरचा कागद पुढची यादी लागली की उतरतो आणि संकेतस्थळावरची लिंकही बदलते.

तुमच्या बाबतीत खुल्या गटाची तिसरी यादी खरोखरच ७९ वर थांबली असेल आणि मुलीच्या फॉर्मवर ८३.१७ बरोबर पडलेलं असेल, तर तुमच्या हातात चांगली तक्रार आहे. ४४९ पडलं असेल तर चूक तुमची. तरीही पुढची यादी किंवा रिक्त जागांची फेरी बाकी असेल तर दुरुस्तीची विनंती करता येते. फक्त भाषा वेगळी हवी. तिथे ‘अन्याय’ लिहू नका. ‘नोंदीत चूक झाली, मूळ गुणपत्रिका सोबत आहे, पुढील फेरीत दुरुस्त गुणांनी विचार व्हावा’ असं लिहा. बंद झालेली यादी मागे जाऊन कुणी उघडत नाही. पुढच्या यादीत योग्य जागी नाव येणं इतकंच तुम्हाला मिळू शकतं.

अर्ज कसा लिहायचा

प्राचार्यांच्या नावे, एका पानाचा, मराठीत किंवा इंग्रजीत. अर्जदार म्हणून सही मुलीची हवी. पालकांची सही खाली, दुय्यम. पालकाच्या एकट्याच्या सहीनं आलेला अर्ज खिडकीवरून परत येऊ शकतो. विषयाच्या ओळीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: कोर्स, फॉर्म क्रमांक, आणि कोणत्या यादीबद्दल तक्रार आहे. मजकूर साधारण असा:

‘मी प्रथम वर्ष बी.एस्सी. (आयटी) या अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गातून अर्ज केला आहे. माझे बारावीचे गुण ६०० पैकी ४९९ (८३.१७ टक्के) आहेत. दि. … रोजी लागलेल्या तिसऱ्या यादीत खुल्या प्रवर्गातील शेवटच्या उमेदवाराचे गुण ७९ टक्के आहेत. माझे नाव पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या यादीत नाही. माझा अर्ज नाकारला असल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. गुणवत्तेनुसार मी पात्र असल्यास, रिक्त जागा भरण्यापूर्वी माझ्या अर्जाचा विचार करावा आणि या तक्रारीचा निर्णय होईपर्यंत एक जागा राखून ठेवावी.’

यातली शेवटची दोन वाक्यं सर्वांत कामाची. कारण लेखी मागितलं की कॉलेजला फाइल उघडावी लागते, आणि निम्म्या वेळा गुंता तिथेच सुटतो. जागा राखून ठेवण्याची विनंती लेखी नसेल, तर पंधरा दिवसांनी ‘तुमचं बरोबर होतं, पण आता जागाच नाही’ हे उत्तर ऐकावं लागतं, आणि त्याला तुमच्याकडे जबाब नसतो.

सोबत गुणपत्रिका, कॉलेजच्या फॉर्मची प्रिंट, विद्यापीठ नोंदणीची प्रिंट, यादीच्या त्या पानाचा फोटो आणि माहितीपत्रकातलं संबंधित पान जोडा. प्रत्येकावर परिशिष्ट क्रमांक टाका. दहावीची प्रशस्तिपत्रकं, खेळाची पदकं, नगरसेवकाचं शिफारसपत्र काही जोडू नका. शिफारसपत्रानं तर उलटच होतं: ज्या फाइलमध्ये खरी चूक कॉलेजची आहे, तीही ‘वशिल्याची फाइल’ दिसायला लागते.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत आणा. ही पोच नसेल तर तुमची तक्रार अस्तित्वातच नाही असं समजा. ‘सरांना दाखवतो, ठेवून जा’ यावर विसंबू नका. शिक्का मारायला नकार दिला तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टही करा. पोस्टाची पावती पोचेइतकीच चालते. हे सगळं यादी लागल्यापासून एक-दोन दिवसांत व्हायला हवं, कारण दोन यादींमध्ये अंतरच तेवढं असतं.

प्राचार्यांनी ऐकलं नाही तर

विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम २०२३ साली नव्यानं आले. त्यांत ‘विद्यार्थी’ या शब्दात प्रवेश मागणारा उमेदवारही येतो. हे महत्त्वाचं, कारण ‘तुमची मुलगी आमची विद्यार्थिनी नाही, मग समिती कसली?’ असं तोंडावर सांगितलं जातं. गुणवत्ता डावलून दिलेला प्रवेश, जाहीर धोरणानुसार मिळायला हवा असलेला प्रवेश नाकारणं, प्रवेशप्रक्रियेतली अनियमितता, आरक्षणाचा भंग, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, हे सगळं या नियमांखाली ‘तक्रार’ ठरतं. कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे आणि तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टलही. प्रवेश सुरू होण्याआधी किमान ६० दिवस माहितीपत्रक जाहीर करणं, त्यात जागा, पात्रता, निवडीची पद्धत आणि शुल्क लिहिणं, हेही याच नियमांत येतं. तुमचा सगळा वाद त्या माहितीपत्रकावर उभा राहणार आहे, म्हणून त्याची पीडीएफ आजच उतरवून ठेवा.

आता घड्याळ बघा. पोर्टलवरची तक्रार समितीकडे पाठवायला कॉलेजला १५ दिवस. समितीनं अहवाल द्यायला १५ कामाचे दिवस. निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे (समितीच्या निर्णयावर अपील ऐकायला विद्यापीठानं नेमलेला अधिकारी) जायला तुम्हाला १५ दिवस, आणि लोकपालांनी निकाली काढायला ३० दिवस. बेरीज दोन महिन्यांच्या वर जाते. तोवर कॉलेज सुरू होऊन पहिल्या सत्राची चाचणीही झालेली असेल. मार्ग कायदेशीर आहे, रास्त आहे, पण प्रवेशाच्या गतीशी त्याचा मेळ नाही.

म्हणून पायऱ्या एकापाठोपाठ न चढता शक्य तेवढ्या एकत्र चढायच्या. प्राचार्यांच्या अर्जाच्या शेवटी ‘हीच तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीपुढे ठेवावी’ अशी ओळ घाला आणि पोर्टलवरही त्याच दिवशी नोंदवा. प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना पाठवा. ठाण्यात बाळकुमला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, पण संलग्न कॉलेजच्या प्रवेशाचा निर्णय तिथे होईल अशी अपेक्षा ठेवून खेटे घालू नका. पत्र फोर्टच्या मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावरच करा. लोकपालांकडे मात्र थेट जाता येत नाही, समितीचा टप्पा आधी व्हावा लागतो. सुनावणीला मुलगी स्वतः किंवा तिचा प्रतिनिधी जाऊ शकतो. जाताना परिशिष्टांचा तोच संच आणि पोच घ्या. तिथे बोलणं पाच मिनिटांचं असतं आणि समितीपुढचे प्राध्यापक कागदच बघतात.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा का, असा सल्ला अनेकजण देतात. शुल्क दहा रुपये, पण उत्तराची मुदत ३० दिवस. या हंगामात त्यानं जागा मिळत नाही. लोकपालांपुढे किंवा न्यायालयात पुरावा म्हणून उपयोग होतो, तेवढ्यासाठी टाका. विनाअनुदानित खासगी कॉलेज माहिती द्यायला टाळाटाळ करतं, तेव्हा अर्ज विद्यापीठाकडे करणं बरं.

नाव सारखं, दरवाजा वेगळा

कोर्स कोणत्या छत्राखाली येतो यावर सगळं ठरतं. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४ पासून राज्याच्या सीईटी कक्षाकडे (सामायिक प्रवेश परीक्षा घेणारं कार्यालय) गेले, कारण ते एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले. मग अनेक कॉलेजांनी ‘बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास)’ अशा धर्तीची नावं घेऊन तोच अभ्यासक्रम विद्यापीठाच्या पद्धतीनं सुरू ठेवला. त्यामुळे एकाच इमारतीत शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन वर्गांच्या तक्रारी दोन वेगळ्या ठिकाणी जातात. पावतीवर छापलेलं कोर्सचं पूर्ण नाव बघा. बोलीतलं नाव उपयोगाचं नाही.

अभियांत्रिकी, फार्मसी, एमबीए आणि सीईटीचे इतर कोर्स यांत तक्रारीची खिडकी ठरलेली असते: तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यापासून अंतिम यादीपर्यंतचे मोजके दिवस, तेही स्वतःच्या लॉगिनमधून. त्या दिवसांत नोंद केली नाही तर नंतर कितीही धावपळ केली तरी हाती फार काही लागत नाही. इथला मोठा सापळा म्हणजे परत आलेला फॉर्म. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदपत्रांच्या ऑनलाइन छाननीत, एखादं प्रमाणपत्र अस्पष्ट दिसलं की केंद्र फॉर्म ‘रिव्हर्ट’ करतं, संदेश लॉगिनमध्ये पडून राहतो आणि मुलगा ‘सबमिट झालं’ म्हणून निवांत असतो. मुदत संपते, फॉर्म कन्फर्म होत नाही, यादीत नाव येत नाही. फॉर्म पाठवल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन उघडा आणि कन्फर्म झाल्याची पोचपावती हातात येईपर्यंत काम झालं असं धरू नका.

जागा कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळाली आणि कॉलेजच्या खिडकीवर ती अडवली, हा प्रकार निराळा. विकास निधी, बस, वसतिगृह अशा नावांनी ठरलेल्या शुल्काबाहेर पैसे मागितले जातात, किंवा शुल्कसवलतीला पात्र मुलाकडून पूर्ण रक्कम आधी मागितली जाते. अशा वेळी वाद न घालता मागणी लेखी मागा. ती कुणी देत नाही. मग तारीख, वेळ, काउंटर आणि मागितलेली रक्कम लिहून तिथूनच सीईटी कक्षाला आणि प्रवेश नियामक प्राधिकरणाला ईमेल करा. हे प्राधिकरण २०१५ च्या कायद्याखालचं आहे आणि विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेशांना मान्यता तेच देतं, त्यामुळे त्याच्या पत्राची कॉलेजला धास्ती असते. शुल्काच्या आकड्याबद्दलची तक्रार शुल्क नियामक प्राधिकरणाकडे. देणगी मागणं हा १९८७ च्या कॅपिटेशन शुल्कबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायच्या, जागाही ‘मालकाच्या मर्जीच्या’ नसतात. जाहिरात आणि गुणवत्ता यादी त्यांनाही लागू आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच तक्रारीत बसत नाही: पसंतीक्रम. मुलानं स्वतः खालचं कॉलेज वर टाकलं आणि तेच मिळालं, तर ते त्याच्याच मागणीप्रमाणे झालेलं वाटप आहे.

अकरावीचं थोडक्यात. २०२५-२६ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर एकच झाला आहे. हरकत नोंदवायची ती विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून, गुणवत्ता यादीवर हरकतींसाठी दिलेल्या दिवसांत. त्यापुढे शिक्षण उपसंचालक, मुंबई विभाग. कार्यालय चर्नी रोडला जवाहर बालभवनात आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर काढलं जातं, आणि त्याविरुद्धच्या विनवण्या चालत नाहीत. अभिमत विद्यापीठांची, मग ती नेरुळची असोत की कामोठ्याची, समिती आणि लोकपाल स्वतंत्र असतात. मुंबई विद्यापीठाला लिहून उपयोग नाही.

प्रवर्गाचे कागद

आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांचे नकार बहुतेक इथेच होतात, आणि ते टाळता येण्यासारखे असतात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रावर ‘३१ मार्च … पर्यंत वैध’ अशी ओळ असते. दहावीला काढलेलं प्रमाणपत्र बारावीच्या जूनमध्ये मेलेलं असू शकतं. रंगीत झेरॉक्स सुरेख, शिक्का ठसठशीत, पण तारीख गेलेली. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचं केंद्र सरकारच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र राज्याच्या प्रवेशाला चालत नाही. जेईईसाठी काढलेलंच इथेही अपलोड होतं आणि मूल खुल्या गटात जातं.

जातीचं प्रमाणपत्र कुठून काढायचं यावर ठाण्या-नवी मुंबईतली कुटुंबं फार चकतात. आपण राहतो कळव्यात, म्हणून ठाण्याच्या प्रांत कार्यालयात अर्ज, असं नसतं. वडिलांचं घराणं मानीव तारखेला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या जुन्या तारखेला, जिथे राहत होतं तिथलं उपविभागीय कार्यालय लागतं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा तेव्हा साताऱ्यात असतील तर प्रमाणपत्र साताऱ्याचं, आणि व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात पडताळणीचा, अर्जही साताऱ्याच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे (अनुसूचित जमातींसाठीची समिती मात्र वेगळी). शिवाय नवी मुंबई म्हणताना जिल्हा विसरू नका: वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. खारघरच्या माणसाला अधिवासाचा दाखला ठाण्याच्या तहसीलमधून मिळत नाही, त्याची वाट पनवेलला जाते.

कागद वेळेत मिळाला नाही तर अर्ज केल्याची पावती तरी हवीच. काही वर्षी शासनानं व्हॅलिडिटी सादर करायला मुदत वाढवून दिली आहे, पण ती अर्ज केलेल्यांसाठी. पावतीशिवाय त्या सवलतीत शिरता येत नाही. पात्रता आणि पात्रतेचा पुरावा यांत फरक आहे, पुरावा थोडा उशिरा आला म्हणून प्रत्येक वेळी हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या डॉली छांदा प्रकरणात म्हटलं आहे. वकील ते हमखास दाखवतात. पण माहितीपत्रकात ‘या तारखेनंतर कागद स्वीकारला जाणार नाही, उमेदवार खुला धरला जाईल’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर फक्त त्या निकालाच्या भरवशावर राहणं धोक्याचं.

तोवर मुलीचं काय

दुसरीकडे मिळतेय ती जागा घ्या. तक्रार चालू असताना हातातली जागा सोडणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक. दुसरीकडे प्रवेश घेतला म्हणून पहिल्या कॉलेजवरचा हक्क जात नाही. अर्जात ‘हा प्रवेश तक्रारीच्या निकालाच्या अधीन राहून घेतला आहे’ एवढं लिहा. भरलेल्या शुल्काबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी रद्द केला तर पूर्ण शुल्क, प्रक्रिया खर्च जास्तीत जास्त ५,००० रुपये वजा. १५ दिवसांहून कमी उरले असताना ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. २०२४-२५ साठी आयोगानं याहून सैल धोरण दिलं होतं, म्हणून त्या-त्या वर्षाचं पत्रक बघा. कॅपच्या जागांना सीईटी कक्षाचे स्वतःचे नियम लागतात. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. मूळ कागद अडकल्यामुळे दुसरीकडचा प्रवेश हुकला तर तीही स्वतंत्र तक्रार.

गुणच वाढण्यासारखे वाटत असतील, तर मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीलाच आहे. पुनर्मूल्यांकनाआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेणं सक्तीचं आहे. वाढलेले गुण आले की त्याच दिवशी सुधारित गुणपत्रिकेसह कॉलेजला कळवा, पण मागच्या याद्या त्यामुळे बदलतील असं धरून बसू नका.

न्यायालय

चूक कॉलेजची, पुरावा स्वच्छ, आणि जागा भरली जाण्याची घाई असेल तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका हा मार्ग आहे. ठाणे आणि नवी मुंबईसाठी मुंबईचं मुख्य पीठ. इथे दोनच गोष्टी पाहिल्या जातात: तुमचा दोष आहे का, आणि तुम्ही किती लवकर आलात. एमबीबीएस प्रवेशाच्या एस. कृष्णा श्रद्धा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की दोष नसलेल्या, गुणवत्तेत बसणाऱ्या आणि विनाविलंब आलेल्या उमेदवाराला केवळ नुकसानभरपाईवर परत पाठवू नये. अपवादात्मक स्थितीत जागा वाढवून किंवा पुढच्या वर्षी प्रवेश देता येतो. ‘विनाविलंब’ या शब्दावर अनेक याचिका पडतात. ऑगस्टच्या यादीबद्दल नोव्हेंबरमध्ये गेलात तर पहिला प्रश्न तोच येईल, आणि तिथे तुमची पोच लागलेली प्रत वकिलापेक्षा जास्त बोलते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं, म्हणजे तुमच्या मुलीलाही. ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. उच्च न्यायालयातल्या कामासाठी तिथली स्वतंत्र विधी सेवा समिती. सोबत तोच परिशिष्टांचा संच घेऊन जा.

तक्रार मान्य झाली तर पुढचा अडथळा शुल्काचा असतो. अशी जागा मिळते तेव्हा पैसे भरायला बहुतेकदा एकच दिवस दिला जातो, तोही संध्याकाळी पाचपर्यंत. २०२४ मध्ये आयआयटी धनबादची जागा मिळालेल्या एका मुलाचे १७,५०० रुपये वेळेत भरले गेले नाहीत आणि जागा गेली. ती परत मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि आदेश ३० सप्टेंबरला आला. तेव्हा रक्कम आधीच खात्यात ठेवा. यूपीआयची रोजची मर्यादा आणि कार्डाची ऑनलाइन मर्यादा आदल्या दिवशी तपासा. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनचा फोटो पाच वाजण्याआधी कॉलेजच्या ईमेलवर पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवक विभागात त्याची पोच घ्या.